टेंडर म्हणजे काय रे भाऊ?

डिक्शनरीत हा शब्द मऊ, हळुवार, मायेचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र तो कंत्राटाचा, पैशाचा आणि हक्काचा. एकाच शब्दाच्या दोन टोकांमधली ही सफर.

एक छोटीशी टेस्ट. 'टेंडर' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं?

पुण्या-मुंबईच्या क्युबिकलमध्ये बसणाऱ्यांची उत्तरं साधारण तीन गटांत पडतील. परचेस किंवा सेल्समधली मंडळी म्हणतील, "बाप रे, नका आठवण करून देऊ, उद्या सबमिशनची लास्ट डेट आहे!" शाकाहार नुकताच सोडलेले म्हणतील, "चिकन टेंडर्स." आणि ज्यांचं इंग्रजी कॉन्व्हेंटी आहे किंवा ज्यांच्या प्लेलिस्टमध्ये एल्विस प्रेस्लीचं १९५६ सालचं 'लव्ह मी टेंडर' आहे, ते जरा हळवे होऊन सांगतील, "टेंडर म्हणजे कोमल. जपून, मायेनं."

हाच प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा किंवा कोरची तालुक्यात एखाद्या पारावर विचारला, तर उत्तर एकच येईल. टेंडर म्हणजे तेंदूपत्त्याचं टेंडर. नाहीतर बांबूचं. त्या शब्दात कोमल वगैरे काही असेल, असं तिथं कुणाच्या डोक्यातही येणार नाही. कारण तिथं वर्षभराच्या रोख कमाईचा मोठा हिस्सा या तीन अक्षरांवर ठरतो. यंदा मुलीच्या कॉलेजची फी भरता येणार का, घरावर पत्रे पडणार का, सावकाराचा आकडा कमी होणार का, सगळं टेंडरवर.

मजा अशी की या दोन अर्थांची गाठ जंगलात खरोखरच पडते. कशी ते बघू. पण त्याआधी थोडी डिक्शनरीगिरी.

दोन शब्द, एक चेहरा

इंग्रजीत 'टेंडर' नावाचे खरंतर दोन वेगळे शब्द आहेत. दिसायला जुळे, पण आईवडील वेगळे. कोमल या अर्थाचा टेंडर लॅटिनमधल्या 'टेनर' या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. टेनर म्हणजे मऊ, कोवळं, नुकतंच उगवलेलं. काही भाषातज्ज्ञ त्याचं नातं आपल्या संस्कृत 'तरुण' शब्दाशीही जोडतात. म्हणजे कोवळं आणि तरुण हे एकाच घरातले!

दुसरा टेंडर, म्हणजे निविदा, आला लॅटिन 'टेंडेरे'वरून. त्याचा अर्थ ताणणं, पसरणं, पुढे करणं. हात पुढे करून 'हे घ्या' म्हणणं. टेन्शन, एक्स्टेंड, अटेंशन ही सगळी त्याचीच भावंडं. टेंडर भरताना टेन्शन का येतं, याचं उत्तर थेट व्युत्पत्तीतच आहे, बघा.

आणि आपला सरकारी 'निविदा' हा शब्द? रुक्ष वाटतो ना? पण त्याचं कुळ फार गोड आहे. निविदा, निवेदन आणि नैवेद्य हे तिन्ही शब्द एकाच धातूचे. समोरच्याला कळवणं, त्याच्यापुढे ठेवणं. देवापुढे ठेवला तर नैवेद्य आणि इंजिनिअरसाहेबांपुढे ठेवली तर निविदा. (दोन्हीत पाकिटाचा संबंध नसावा, अशी अपेक्षा.)

मग कोमल या अर्थाच्या टेंडरला मराठीत काय म्हणायचं? इथं आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत निघते. पान कोवळं, ऊनही कोवळं. गवत लुसलुशीत. परिस्थिती नाजूक. हात फिरवायचा तो हळुवार. मन हळवं. औषध सौम्य. आणि बोलणं किंवा राजकारण असेल तर मवाळ. इंग्रज एका शब्दात भागवतो, आपण कुठल्या गोष्टीचा कोवळेपणा आहे ते बघून शब्द निवडतो.

त्याच्या शेजारचा 'जेंटल' मात्र वेगळ्या घरचा. मुळात तो 'चांगल्या कुळातला' या अर्थाचा. म्हणून जंटलमन. जेंटल माणूस खानदानावरून ठरायचा. टेंडर व्हायला खानदान लागत नाही. त्याला फक्त दुसऱ्याचं दुखणं कळावं लागतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोवळ्या पानाचं टेंडर

आता चला जंगलात. गडचिरोली हा तसा तरुण जिल्हा, २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून महाराष्ट्राचं सर्वांत दाट जंगल आहे. एकट्या गडचिरोलीचा जवळपास ७० टक्के भाग जंगलाखाली. आपल्याला इथलं एकच नाव पाठ असतं, ताडोबा. जिप्सी, कॅमेरा, वाघ, फेसबुक. पण सफारीच्या गेटबाहेरही जंगल आहे आणि त्यात माणसं राहतात.

या जंगलात टेंभुर्णीची झाडं आणि झुडपं मुबलक. फळं म्हणजे टेंभरं, पिवळी, गोड. पान म्हणजे तेंदूपत्ता, विडी वळायला लागतो तो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झुडपं छाटली की साधारण दीड महिन्यात नवी पालवी फुटते. आधी लालसर, लव असलेली, अगदी बाळाच्या कानासारखी. मग हिरवी, थोडी जाडसर पण लवचीक. नेमकी तेव्हाच तोडायची. फार कोवळं पान वाळल्यावर चुरगळतं. फार जून झालं की कडक होतं, विडी वळताना मोडतं. एप्रिल-मेमधले मोजके आठवडे हेच काय ते मार्केट. मध्येच गारपीट झाली किंवा अवकाळी पाऊस आला, तर सीझन खलास.

आपल्याकडे 'सीझन' म्हणजे आंब्याचा किंवा अप्रेझलचा. तिथं सीझन म्हणजे तेंदू. पहाटे अंधारात अख्खं कुटुंब जंगलात. ऊन चढायच्या आत गाठोडं भरून घरी. मग दुपारभर सावलीत बसून पुडे बांधायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं. असे १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, अर्थात ७०,००० पानं. आता जरा कॅल्क्युलेटर काढा. एखाद्या घरानं दिवसाला १०० पुडे बांधायचे ठरवले, तर ७,००० पानं एकेक करून तोडायची, एकावर एक रचायची, मोजायची. आपल्या एक्सेलमध्ये ७,००० ओळी आल्या की आपण मॅक्रो शोधतो!

संध्याकाळी हे पुडे 'फळी'वर जातात. फळी म्हणजे संकलन केंद्र, उघड्या मैदानात. तिथं पुडे मोजून घेतले जातात, उन्हात ओळीनं मांडून वाळवले जातात, मग पोत्यांत भरून ट्रकनं रवाना. दर शेकड्यावर ठरतो. पानाची कोवळीक एका टेंडरमधली, तिचा भाव दुसऱ्या टेंडरमधला.

आणि याची किंमत फक्त घामात मोजली जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ वाढले, ही आनंदाची बातमी आपण शेअर करतो. मे २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाकून, झुडपात शिरून पान तोडणारा माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतो, असं वन्यजीवांचे जाणकार सांगतात. तरीही दुसऱ्या वर्षी माणसं पुन्हा जंगलात जातात. कारण सीझन वर्षातून एकदाच येतो.

टेंडर काढणार कोण?

इथं खरी गोष्ट सुरू होते. पान तोडणारा हात गावाचा. पण टेंडर काढणारा हात कुणाचा?

महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यानं तेंदूपत्त्याच्या व्यापाराची सगळी सूत्रं सरकारकडे गेली. वन विभागानं जंगलाचे 'युनिट' पाडायचे, टेंडर काढायचं, ठेकेदारानं बोली लावायची आणि गावानं मजुरी करायची. हेतू चांगला होता. व्यापाऱ्यांनी मनमानी करू नये, मजुरीचा दर ठरलेला असावा. पण जंगलाशेजारी पिढ्यानपिढ्या राहणारा माणूस या सगळ्या व्यवहारात फक्त रोजंदार राहिला. बांबूचंही तसंच. एकीकडे बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जंगलातला बांबू जायचा आणि दुसरीकडे टोपल्या विणणाऱ्या बुरडाला एक बांबू तोडताना धाकधूक व्हायची.

मग आला २००६ चा वनहक्क कायदा. त्यानं दोन मोठ्या गोष्टी केल्या. गावाला आपल्या पारंपरिक जंगलावर सामूहिक हक्क सांगता येऊ लागला आणि गौण वनोपजावर, म्हणजे तेंदू, मोह, मध वगैरेंवर, मालकी मिळाली. या यादीत बांबूही होता. पण वन खात्याच्या लेखी बांबू म्हणजे झाड. वनस्पतिशास्त्र म्हणतं बांबू हे गवत. फाइल म्हणते झाड. मग फाइल जिंकते. आपल्या ऑफिसातही असंच असतं, नाही का?

ही गाठ सोडवली एका छोट्या गोंड गावानं. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं मेंढा (लेखा). साधारण शंभर घरांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले कार्यकर्ते आणि त्यांच्यासोबत अनेक वर्षं काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं एक साधी वाटणारी पण जाम कठीण पद्धत रुजवली. निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो. पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. आधी अभ्यास गटात चर्चा, मग ग्रामसभेत निर्णय.

कल्पना करा, तुमच्या टीमच्या मीटिंगमध्ये सर्वांत ज्युनिअर ट्रेनीला पटेपर्यंत प्रोजेक्ट पुढे सरकणार नाही! आपल्याला हे वेळखाऊ वाटेल. मेंढ्याच्या अनुभवातून दिसलं ते उलट. हरलेला गट मागे उरत नाही, त्यामुळे ठरलेलं काम मोडायला कुणी टपून बसत नाही.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक पास देण्याचा अधिकार खात्याकडे. पास नाही तर ट्रक हलणार नाही. अखेर मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचं स्पष्ट केलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एक साधं पासबुक. पण त्या दिवसापासून बांबू कुणाला, किती आणि कोणत्या भावानं विकायचा, हे गाव ठरवू लागलं.

म्हणजे टेंडर तेच राहिलं, फक्त ते काढणारा हात बदलला.

त्यानंतर वारं पसरलं. मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात पेसा कायद्याचे नियम आले आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना तेंदू आणि बांबूबाबत पर्याय मिळाले. वन विभागामार्फत विक्री करायची की स्वतः करायची, ते गावानं ठरवायचं. गडचिरोलीत कित्येक ग्रामसभांनी स्वतःचा मार्ग धरला. पेपरात जाहिरात, बंद पाकिटं, गावासमोर उघडणं, करारनामा, बँकेत खातं. कोरची तालुक्यातल्या बऱ्याच ग्रामसभांनी तर एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. एकटं गाव व्यापाऱ्यासमोर घासाघीस करायला कमी पडतं, अनेक गावं मिळून बसली की सूर बदलतो. बिझनेस स्कूलमध्ये याला 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग' म्हणतात.

सगळं गोडगोड आहे असं नाही हं. तेंदूचा भाव एका वर्षी कडाडतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो. ठेकेदार आपसांत ठरवून बोली पाडतात. काही जण माल उचलतात आणि पैसे थकवतात, मग गावाला त्यांच्यामागे चकरा. मजुरी आणि रॉयल्टी हे दोन वेगळे आकडे आहेत, हे प्रत्येकाला समजावून सांगणारा माणूस प्रत्येक गावात असतोच असं नाही. करारनाम्यात एक ओळ कमी पडली, की वर्षभराचा हिशेब वाकडा. पण आता भांडण आपल्या करारनाम्यावरून असतं. पूर्वी भांडायला करारनामाच नव्हता.

नको असलेलं टेंडर

या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत हटके गाव मात्र चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये या गावाला साधारण १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं बांबूचं काम स्वतः हातात घेतलं. तोडणी, मोजणी, लिलाव, मजुरी बँकेतून, सगळं नियमानं. कामासाठी बाहेरगावी जावं लागणाऱ्यांना गावातच काम मिळू लागलं.

मग साहजिक पुढचा प्रश्न आला, तेंदूचं काय? पैसा तर त्यातही आहे. चांगला आहे. पाचगावच्या ग्रामसभेनं बसून विचार केला आणि ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही.

का? कारणं ऐका. एक म्हणजे पालवीसाठी झुडपं छाटावी लागतात आणि सर्रास आगी लावल्या जातात. आगीत बाकीचं जंगलही जळतं. दोन, पानं ओरबाडली तर टेंभराचं झाड फळणार कधी? फळ माणसांनाही हवं आणि पाखरांनाही. आणि तीन, या पानाची विडी होते. तिनं माणसाचं नुकसानच होणार.

जरा थांबून याचा अर्थ लावा. ज्या व्यवसायात पैसा आहे, कायदा आपल्या बाजूनं आहे, शेजारची गावं करताहेत, तो आपण करायचा नाही, कारण त्यानं झाडाला आणि कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या अनोळखी विडी ओढणाऱ्याला त्रास होईल. कुठल्या कंपनीच्या बोर्डरूममध्ये असा ठराव पास होईल, सांगा. आपल्याकडे सीएसआरचं बजेट असतं, पण ज्यातून नफा येतो तेच बंद करणारा सीएसआर फारसा पाहण्यात नाही.

म्हणून याला तेंदू तोडणाऱ्या गावांवर ताशेरा समजू नका. ज्यांच्याकडे बांबूचं जंगल नाही, त्यांना तेंदू सोडणं परवडत नाही. पाचगावला परवडलं, कारण आधी हक्क हातात आला, मग पोट भरलं, मग निवड करता आली. हळुवार वागायलाही हातात काहीतरी असावं लागतं. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला 'निसर्गाशी प्रेमानं वागा' हे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला डाएट सांगण्यासारखं.

आणि जाता जाता एक शब्दखेळ. टेंडरमधला एक स्वर बदलला की होतं 'टिंडर'. मोबाइलवर उजवीकडे-डावीकडे करायचं ते अ‍ॅप हो! पण मूळ इंग्रजीत टिंडर म्हणजे ठिणगी पडली की भस्सकन पेटणारा सुका भुसा. टेंडर आणि टिंडर, ओलं पान आणि सुका पाचोळा. मे महिन्याच्या जंगलात दोन्ही एकाच झुडपाखाली असतात.

जिथं हात लावला की दुखतं

टेंडरचा अजून एक अर्थ आहे आणि तो डॉक्टरांकडे असतो. पोटावर बोट दाबलं आणि पेशंट कळवळला, की केसपेपरवर लिहितात 'टेंडरनेस'. म्हणजे हात लावला की दुखतं ती जागा. मजेशीर आहे ना? कोमलता आणि वेदना यांना एकच शब्द. जे कोवळं असतं, तेच दुखतं.

या अर्थानं गडचिरोलीला कुणी हात लावून पाहिला असेल, तर डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून हे दोघं परत आले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी जवळच्या दोन गावांमधल्या बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. दुखत होतं, पण कुणी विचारलंच नव्हतं.

नंतर नवजात बाळांकडे वळून सर्चनं गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते जगानं वाचलं आणि २०११ मध्ये भारत सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालसेवा हा कार्यक्रम देशभर सुरू केला. मोठं हॉस्पिटल नाही, मोठं मशीन नाही. शेजारची बाई हात पुढे करते आणि बाळ वाचतं.

हात पुढे करणं. आठवतंय? दुसऱ्या टेंडरचा मूळ अर्थ तोच होता. इंग्रजीत आजाऱ्याची देखभाल करण्याला 'टेंड' म्हणतात, तेही त्याच टेंडेरेच्या कुळातलं. म्हणजे निविदा आणि शुश्रूषा ही सख्खी नातलग निघाली!

राणीताईंच्या दोन पुस्तकांची नावंसुद्धा या विषयाला साजेशी आहेत. एक 'कानोसा', बायकांच्या आरोग्याबद्दलच्या समजुतींवरचं. आवाज न करता कान देऊन ऐकणं म्हणजे कानोसा घेणं. दुसरं 'गोईण', बायका आणि झाडांच्या नात्यावरचं. गोईण म्हणजे इकडच्या बोलीत जिवाभावाची मैत्रीण. झाडाला मैत्रीण म्हणायला इंग्रजीत कुठला शब्द आहे, तेवढा शोधून सांगा.

मग आपण काय घ्यायचं?

आपण शहरातली माणसं रोज टेंडरच्या जगात राहतो. कोटेशन, निगोसिएशन, एल-वन, सबसे कम बोली. या भाषेत मऊपणा म्हणजे वीकनेस. "तू फार सॉफ्ट आहेस" हे आपल्याकडे फीडबॅक म्हणून सांगतात, कौतुक म्हणून नाही.

मेंढ्यात आणि पाचगावात मऊपणा वेगळा दिसतो. तिथली माणसं भाव पाडून द्यायला तयार नाहीत. कायद्याचं कलम पाठ आहे, हिशेब चोख आहे, ठेकेदारासमोर आवाज खालचा पण ठाम. आणि हीच माणसं गावातल्या एकट्या विरोध करणाऱ्यासाठी मीटिंग थांबवतात, टेंभराचं झाड फळावं म्हणून पैसा सोडतात. बाहेर कडक, आत कोवळं. शहाळ्यासारखं. (इंग्रजीत शहाळ्याला काय म्हणतात? टेंडर कोकोनट!)

पुढच्या वेळी ताडोबाला जाल, तेव्हा वाघ दिसो न दिसो, परतताना रस्त्याकडेच्या एखाद्या फळीवर नजर टाका. उन्हात मांडलेले पुड्यांचे लांबच लांब पट्टे दिसतील. प्रत्येक पुड्यात ७० पानं, प्रत्येक पान हातानं तोडलेलं. आणि ऑफिसात पुढचं टेंडर उघडताना सर्वांत खालची बोली निवडायच्या आधी एक प्रश्न विचारा, हा दर कुणाच्या हातातून कापला गेलाय?

चौकट : टेंडर कसं वापराल?

टेंडर एज : कोवळं वय. 'अ‍ॅट अ टेंडर एज' म्हणजे अगदी लहानपणी.

टेंडर लव्हिंग केअर : आजारी माणसाला, रोपट्याला किंवा ब्रेकअप झालेल्या मित्राला लागते ती. शॉर्टफॉर्म टीएलसी.

टेंडर स्पॉट : दुखरी जागा. शरीराची किंवा मनाची. "पगाराचा विषय काढू नकोस, त्याचा टेंडर स्पॉट आहे."

लीगल टेंडर : कायद्यानं स्वीकारावंच लागतं असं चलन. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ५०० आणि १,००० च्या नोटा जे राहिल्या नाहीत, ते.

रेल्वेचं टेंडर : कोळशाच्या इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा. इंजिनाची 'देखभाल' करणारा, म्हणून टेंडर.

टेंडर रेझिग्नेशन : राजीनामा सादर करणं. इथं कोमलतेचा काही संबंध नाही, पण सोमवारी सकाळी हा अर्थ फार गोड वाटतो.